यंदा पाळी आमची

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

आमची चवथ, म्हणजे गोव्यातली गणेशचतुर्थी, सुरू होते २५ जूनला. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणून त्या दिवशी सकाळी पावणेआठलाच डोंबिवलीच्या घरात तीन मोबाइल, एक लॅपटॉप आणि सासूबाईंची जपमाळ अशी मांडामांड झाली होती. आठ वाजून तीन मिनिटांनी कोकणकन्येची सात तिकिटं हाती लागली, त्यांतली चार प्रतीक्षा यादीतली. सासूबाई म्हणाल्या, "होतील. तो बोलावतो त्याला तिकीट मिळतंच." तो म्हणजे गणपती, रेल्वे नव्हे. आज दुपारी चार्ट लागला आणि चारही पक्की झाली. त्यानंतर दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी काही नाव देत नाही.

यंदा पाळी आमची. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच चवथीला भर वसरीत, दहा-बारा पुरुषांसमोर, सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "यंदा पाळी आमची!" आणि मी कानकोंडी होऊन स्वयंपाकघरात पळाले होते. नंतर कळलं. पणजोबांना चार मुलगे, त्यांची चार घरं झाली. कोणी फोंड्यात, कोणी मडगावला, कोणी बेळगावला, आम्ही डोंबिवलीला. गणपती मात्र एकच आणि तो मूळ घरातच. दर वर्षी एका शाखेची पाळी. ज्यांची पाळी त्यांनी मूर्ती, भटजी, किराणा, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी सगळं पाहायचं. बाकी तिघांनी राबायचं आणि नावं ठेवायची. मागची आमची पाळी २०२१ साली होती. तेव्हा करोनामुळे घरात नऊच माणसं, त्यामुळे नावं ठेवायलाही कोणी नव्हतं. यंदा यादीत चौतीस आहेत.

ठाण्याला गाडीत चढताना सामानाचे नऊ डाग मोजले. त्यातला एक नुसता कापडात गुंडाळलेला पितळी झारा. तिथे झारे नाहीत का, असं मी सोळा वर्षांत एकदाच विचारलं आहे.

सोमवार, २५ ऑगस्ट

पावसाळ्यात कोकण रेल्वे सबुरीने चालते, वेळापत्रकच वेगळं असतं. रत्नागिरीच्या पुढे उजाडलं. खिडकीबाहेर भातं पोटरीला आलेली, ओढे तांबडे. सावंतवाडी गेली की डब्यातली निम्मी माणसं उतरलेली असतात आणि उरलेली एकदम कोकणीत बोलू लागतात. माझा नवरासुद्धा. डोंबिवलीत ह्याच्या तोंडून वर्षभर कोकणीचा शब्द निघत नाही, पेडणं आलं की निघतो.

करमळीला उतरलो. स्टेशनाजवळचं तळं काठोकाठ भरलेलं. जुनं गोवं मागे टाकून बाणस्तारीचा पूल ओलांडला की फोंडा तालुका लागतो, जुन्या माणसांच्या तोंडी अंत्रूज महाल. त्या पुलाखालची खाडी दर वेळी मी नीट बघून घेते. सोळाव्या शतकात अशाच खाड्या-नद्यांच्या पलीकडे पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी आपापले देव उचलून पाण्याच्या अलीकडे आणले, कारण अलीकडे त्यांचं राज्य नव्हतं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आमच्या घराण्याची म्हाळसा. देवी आली त्याच सुमाराला माणसंही आली असं घरात सांगतात. आपण टॅक्सीने चार मिनिटांत ओलांडतो तसलं पाणी त्यांनी कसं ओलांडलं असेल हा विचार करेपर्यंत भोम येतं आणि रस्त्याच्या खड्ड्यांनी तो विचार निसटतो.

म्हार्दोळच्या अलीकडे आत वळलं की घर. चिरेबंदी, मंगलोरी कौलांचं, मधे राजांगण. वर्षभर इथे तीनच माणसं राहतात: नवऱ्याचे थोरले चुलते आबा, त्यांचा मुलगा आणि सून. ती सून म्हणजे माझी मोठी जाऊ, सगळ्यांची वैनी. दारातच म्हणाली, "पावलीं गो? आदीं च्या घे, मागीर बाकीचें." ह्या घरातलं बोलणं असं निम्मं कोकणी, निम्मं मराठी असतं. भांडण कोकणीत, हिशोब मराठीत.

चौतीस माणसांना न्हाण्या दोन. मागच्या खेपेच्या अनुभवावरून भाच्याने न्हाणीच्या दाराला वहीचा कागद चिकटवून वेळा लिहून टाकल्या. संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं, ‘गरम पाणी संपलें.’

आबा पडवीत खुर्चीवर होते. त्यांना फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका येऊन गेला. बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हात आला नाही. वय एक्क्याऐंशी. पाया पडले तर डाव्या हाताने डोक्यावर थोपटलं आणि विचारलं, "गाडी वेळेर आली?" पंचावन्न वर्षं, पाळी कोणाचीही असो, ह्या घरची माटोळी आबांनी बांधली आहे. यंदा ती कोण बांधणार हे रात्रीच्या जेवणात कोणीही विचारलं नाही. चौतीस जणांच्या घरात एखादी गोष्ट कोणीच बोलत नसलं की ती फार ऐकू येते.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज तय, म्हणजे हरतालिका. सकाळी सहाला आम्ही फोंड्याच्या माटोळी बाजारात.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे साताऱ्याला गणपतीभोवती मखर असतं, फार तर थर्माकोलचं, आता कागदाचं. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी असते. छताच्या कड्यांना टांगलेली लाकडी पट्ट्यांची आडवी चौकट आणि तिला बांधलेली त्या मोसमातली फळं, फुलं, भाज्या, रानातल्या वेली, बिया. रंगीत कागद नाही, झिरमिळ्या नाहीत. भाद्रपदात ह्या मातीत जे पिकतं ते सगळं देवाच्या डोक्यावर छत्र म्हणून धरायचं. राज्य सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धाही घेतं आणि त्यांतल्या काही माटोळ्यांत शेकड्यांनी प्रकार असतात. आमची साधी असते. आबांच्या हिशोबाने साधी म्हणजे चाळीसच्या वर.

बाजार म्हणजे रस्त्याच्या दोन्ही कडांना गोणपाटांवर पसरलेलं रान. विकायला बसलेल्या बहुतेक बायका, सत्तरी, धारबांदोडा, सांगे अशा डोंगराकडच्या. तांबडीलाल कवंडळं, सोललेल्या चेंडूसारखी गुळगुळीत. आंबाड्यांचे घोस. केशरी कांगलां, हिरव्या देठांवर मण्यांसारखी. वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या. शेरवडाची पांढरी पानं, ज्यांना मी पाच वर्षं फुलंच समजत होते. तोरिंगां, निरफणस, चिबूड, दोडकी, फागलां, केळ्यांचे घड, नारळांची पेंड, सुपारीचं शिंपुट. आबांनी रात्री डाव्या हाताने यादी लिहून दिली होती. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, पण क्रम चोख: आधी जड, मग हलकं, शेवटी फुलं. एका म्हातारीकडे कवंडळांची जोडी विचारली तर तिने सांगितलेला भाव ऐकून दीर म्हणाला, "ही आमच्या डोंगरावर फुकट मिळायची." ती म्हणाली, "मग वच डोंगरार." पैसे दिले. डोंगरावर आता काय आहे हे त्यालाही ठाऊक आहे.

शेवटची वस्तू दोर. सुतळी नाही, नायलॉन तर नाहीच. केवणीच्या सालीचा दोर. केवण म्हणजे आपली मुरुडशेंग, तिच्या सालीचे लांब पट्टे निघतात. भिजवले की मऊ पडतात, वाळले की आवळतात. पुतण्याला हे पटलं नाही. तो बंगळुरूला इंजिनिअर आहे. त्याने दुकानातून प्लॅस्टिकच्या सुतळीचं एक बंडल उचललं. ‘बॅकअप’ म्हणून.

परत आलो तोवर मूर्तीही आली होती. आपला पाट चित्रशाळेत दोन महिने आधी नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर घडवलेली चिकणमातीची मूर्ती चादरीखाली झाकून आणायची अशी पद्धत. प्लास्टरच्या मूर्तींना गोव्यात बंदी आहे. आमच्या घरात तो प्रश्न कधी आलाच नाही. मूर्ती पाटाबाहेर जात नाही, पाट पणजोबांच्या वेळचा आहे.

दुपारी नेवऱ्या, म्हणजे इथल्या करंज्या. इथे जरा रागाने लिहिते. हरतालिकेचा उपास बायकांचा. त्याच दिवशी चवथीच्या तीनशे नेवऱ्या करायच्या, त्याही बायकांनीच. म्हणजे सकाळपासून पोटात पाणी आणि दोन केळी, आणि नाकाशी ताज्या खोबऱ्या-गुळाच्या चुनाचा, वेलचीचा, तळणीचा वास. चवही बघायची नाही, नैवेद्याचं. पुरुषमंडळी तेव्हा बाहेर माटोळीची चौकट पुसत होती आणि दर अर्ध्या तासाने चहा मागत होती. मी हे बोलून दाखवलं. माझी एक चुलतसासू म्हणाली, "आमीय हेंच म्हण्टाल्यो." आणि पुढची लाटी माझ्यापुढे सरकवली.

वैनीच्या नेवरीला मुरड घालताना पाहणं हा मात्र माझा दर वर्षीचा हक्काचा अर्धा तास. आमची साताऱ्याची करंजी कातण्याने कापतात. इथे कड चिमटीत धरून अंगठ्याने आत दुमडायची, तेवढीच पुन्हा, तेवढीच पुन्हा. तिच्या एका नेवरीला एकोणीस मुरडी पडतात. मी मोजल्या आहेत. माझ्या अकरा-बाराच्या पुढे जात नाहीत आणि तळताना तोंड उघडतात. चून बाहेर आलं की तेल जळतं, की पितळी झाऱ्याने ते उचलायचं. तेव्हा कळतं तो झारा डोंबिवलीहून का येतो: त्याची भोकं बारीक आहेत.

माटोळी बांधायला संध्याकाळी पाचला सुरुवात झाली. आबांची खुर्ची वसरीत आणली. स्टुलावर पुतण्या, खाली दोन भाचे फळं द्यायला. आबा सांगू लागले. गाठ अशी, की टांगलेल्या वजनाने ती आणखी आवळली पाहिजे आणि सोडताना मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटली पाहिजे. हे सांगणं सोपं. पण ती घालायची कशी? "दोर वरून घे. न्हय, तुझ्या बाजूक. आता फासातून काढ. तो फास न्हय!" उजवा हात मांडीवरून चार बोटं उचलायचा आणि पडायचा. मग ते डाव्या हाताने हवेत करून दाखवायचे, आणि ती उलटी दिसायची. वीस मिनिटांत सुपारीचं शिंपुट तेवढं वर गेलं. पुतण्या घामाघूम. शेवटी तो म्हणाला, "आबा, मी करतो बरोबर, तुम्ही काळजी करू नका," आणि दोन भाच्यांनी प्लॅस्टिकची सुतळी सोडली. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी मान वसरीच्या दाराकडे वळवली आणि पाऊस बघत बसले. आठपर्यंत माटोळी भरली. दिसत होती सुरेख, खोटं कशाला बोलू.

बुधवार, २७ ऑगस्ट

चवथ. पूजेचं वर्णन करत नाही, सगळीकडे तीच असते. पाळी आमची म्हणून नवरा सोवळं नेसून पाटावर, पाठ दुखते असं दर दहा मिनिटांनी माझ्याकडे नजरेने सांगत.

जेवणाचं मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. केळीच्या पानावर डावीकडून: मीठ, लिंबू, आंबाड्याचं सासव (मोहरी वाटलेली, नाकात जाते), मुगागाठी, खतखतं, वडे, नेवऱ्या, मोदक, मणगणं. खतखत्यात किती भाज्या असाव्यात ह्यावर मडगावकर आणि फोंडेकर शाखांत जुना वाद आहे. एकमत एवढ्यावरच की तूरडाळ हवी आणि तिरफळं हवीत. तिरफळ चावलं गेलं तर जीभ बधिर होते, म्हणून पानाच्या कडेला काढून ठेवायचं. माझी पहिल्या वर्षी झाली होती. यंदा बेळगावच्या नव्या जावयाची झाली, तेव्हा पंगतीत जो आनंद पसरला त्यात मीही होते.

त्याच जावयामुळे यंदा घरातून वजें गेलं. मुलगी लग्न होऊन गेली की पहिल्या चवथीला माहेरून तिच्या सासरी फळं, नेवऱ्या, लाडू, नारळ असं वजें पाठवतात. पाळी आमची म्हणून टोपल्या आम्ही भरल्या आणि आदल्याच दिवशी रवाना केल्या. नेवऱ्या मोजून एकशे एक. त्या तीनशेत मी ह्या धरल्या नव्हत्या. वैनीने पहाटे चारला उठून वेगळ्या तळल्या होत्या.

दुपारी शेजारच्या घरी देव बघायला गेलो. त्यांच्याकडे मूर्ती नसते. कागदावर रंगवलेला गणपती भिंतीला लावतात, पुढे पत्री, आणि त्याचीच पूजा. गोव्यात अशी घराणी आहेत. १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, ते कायमचं उठलं १८१२ मध्ये. त्या काळात घरात मूर्ती सापडणं म्हणजे संकट. कागद घडी करून लपवता येतो, असं कारण सांगतात. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने तिथेच विचारलं, "पण फोंड्यात तर तेव्हा पोर्तुगीज नव्हते ना? ते इथे अठराव्या शतकात आले. मग इथे लपवायचं कशाला?" घरच्या आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आमी पलतडचीं, बाय." आम्ही पलीकडच्या तीरावरची. भीती मागे राहिली, सवय बरोबर आली. पाणी ओलांडल्यावर मूर्ती आणता आली असती, आणली नाही. मुलगी परत येताना गप्प होती. मीही.

संध्याकाळी घुमट. वाड्यातल्या मुलांचा मेळ घराघरांत आरती करत फिरतो. घुमट म्हणजे मातीचं दोन तोंडांचं मडकं. मोठ्या तोंडाला कातडं, धाकटं उघडं. उजव्या हाताने कातडं वाजवायचं, डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकत-सोडत राहायचं, म्हणजे आवाज घुमतो. जोडीला दोन काठ्यांनी वाजणारं शामेळ आणि काशाचं कांसाळं. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं घालतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. बकरीचं कातडं दमट हवेत सैल पडतं. मुलं आल्या आल्या आधी स्वयंपाकघरात घुसली आणि चुलीच्या धगीवर घुमटं फिरवून घेतली. अंगठ्याने टिचकी मारत, कान लावत, जरा थांबून पुन्हा. मग पाऊण तास आरती. वाड्यात दिवसभर कोकणी, पण आरत्या सगळ्या मराठीत, मोठ्या माणसांच्या हातांत पणजोबांनी उतरवलेली वही, पोरांना तोंडपाठ. परकी राजवट असतानाही इथल्या देवळांत कीर्तन-पुराण मराठीतच चालायचं, ती ही वाट. लय चढत जाते, पोरांच्या मनगटाच्या शिरा दिसू लागतात, आणि एका क्षणी कोणीही खूण न करता सगळे एकदम थांबतात. कौलांवरचा पाऊस तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतो. डावा हात मांडीवर आपटत आबा ताल धरत होते.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी धप्प असा आवाज झाला.

मी आणि वैनी वसरीलगतच्या खोलीत झोपलो होतो. धावत गेलो. समई शांत तेवत होती आणि देवासमोर, अगदी पाटापासून वीतभर अंतरावर, चिबूड फुटून पडलं होतं. गर, बिया, पाणी, उंदरावर दोन शिंतोडे. मूर्तीला काही नाही. वर बघितलं तर प्लॅस्टिकच्या सुतळीची गाठ घसरून मोकळी लोंबत होती आणि शेजारची नारळाची पेंड चार बोटं खाली आलेली. ती पडली असती तर ह्या घरात पुढची चाळीस वर्षं दुसरा विषय निघाला नसता.

पुरुषांना उठवायचं का, असं मी विचारलं. वैनीने माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि स्टूल ओढलं. मागून काठीचा आवाज आला. आबा जागेच होते; मला वाटतं ते त्या आवाजाची वाटच बघत होते.

केवणीचा दोर कोनाड्यात बादलीत भिजत पडला होता, कोणी हात न लावलेला. वैनी स्टुलावर, मी खालून नारळाची पेंड डोक्याने आणि दोन्ही हातांनी तोललेली. आबा ह्या वेळी समोर बसले नाहीत. काठी टेकत स्टुलाच्या मागे आले आणि म्हणाले, "हात खाली कर." वैनीने दोर धरलेले हात खाली आणले. त्यांनी आपला डावा हात तिच्या डाव्या हातावर ठेवला, बोटांवर बोटं, आणि दोर फिरवला. उजव्या हाताचं काम तिच्या उजव्या हाताने केलं. एकदा. सोडला. पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी हात काढून घेतला आणि ती एकटीने गाठ घालत होती. मग मला वर चढवलं. माझी पहिली सुटली. "नेवरेची मुरड घालतां तशें," वैनी म्हणाली, "आंगठो आदीं." अंगठा आधी दाबला आणि फास बसला. नारळ सोडले तेव्हा दोर एक बारीक करकरला आणि आवळला. पाच जड वस्तू आम्ही त्या रात्री पुन्हा बांधल्या. जमीन पुसली, उंदीर पुसला, मुंग्या येऊ नयेत म्हणून हळद टाकली. तीनला झोपलो.

गुरुवार, २८ ऑगस्ट

सकाळी पुतण्या चहा पीत माटोळीकडे बघून म्हणाला, "बघा, टिकली की नाही?" चिबूड नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. आबांनी बशीतला चहा फुंकला. वैनीने मला कोपराने ढोसलं. मी काही बोलले नाही, आणि का बोलले नाही ह्याचं मला दिवसभर आश्चर्य वाटत होतं.

आज पंचमी, नव्याची. शेतातून भाताची नवी कणसं आणून देवापुढे ठेवतात, पूजा झाली की दारावर बांधतात. आमची शेती कुळाकडे गेली त्याला कितीतरी वर्षं झाली. कणसं शेजाऱ्यांनी दिली. नैवेद्याला पातोळ्या: हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ पसरून, मधे चून, पान दुमडून उकडायची. पान सोलताना जो वास येतो तो डोंबिवलीच्या बाल्कनीतल्या कुंडीतल्या हळदीला येत नाही. मी तीन वर्षं प्रयत्न करून बघितला आहे.

दीड दिवसाचा आमचा. संध्याकाळी उत्तरपूजा, दही-पोह्यांची शिदोरी, आणि वाड्यातले सगळे गणपती एकामागून एक व्हाळाकडे. घुमट पुढे. वाट निसरडी, मूर्ती नवऱ्याच्या डोक्यावर, मागून चौघे जण त्याला सूचना देणारे. पाण्यात तिघे उतरले. येताना पाटावर व्हाळातली मूठभर वाळू. रिकाम्या पाटापुढे आरती म्हणताना दर वर्षी सासूबाईंचा आवाज फुटतो. यंदा माझ्या मुलीचा फुटला, आणि ती लगेच म्हणाली की तिला सर्दी झाली आहे.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

निम्मी माणसं सकाळीच पांगली. न्हाणीला रांग नाही. म्हाळसेच्या देवळात जाऊन आलो. म्हार्दोळच्या जायांचे गजरे घेतले, पितळी दीपस्तंभ पावसात धुऊन निघालेला. हॉटेलात मासे खायचा बेत होता. खाल्ले. त्याबद्दल दोष आम्हाला लावू नका, पाच दिवस झाले होते.

दुपारी माटोळी उतरवली. पुतण्याच्या गाठी एकही सुटेना. दाताने झालं, सुरीने झालं, शेवटी कोयता आणला. मग तो नारळाच्या पेंडीकडे वळला, कोयता उचलला, तर आबा म्हणाले, "राव." थांब. "टोक ओढ." त्याने ओढलं. दोर सुटला आणि पेंड त्याच्या हातांत आली. तो चकित होऊन दोराकडे बघत राहिला. पुढची गाठ ओढली, तीही सुटली. अशा पाच.

"ह्या कोणी बांधल्या?" त्याने विचारलं.

"पाळी तांची," आबा म्हणाले, आमच्याकडे न बघता.

फळांचे वाटे झाले. आमच्या वाट्याला तीन नारळ, एक तोरिंग, कवंडळांची जोडी. उरलेला केवणीचा दोर वैनीने गुंडाळून माझ्या पिशवीत घातला.

शनिवार, ३० ऑगस्ट आणि नंतर

मांडवी एक्स्प्रेसने परत. दिवसाची गाडी, खायला भरपूर, सांगण्यासारखं काही नाही. चिपळूणच्या आसपास कवंडळ पिशवीतून निसटून बाकाखाली घरंगळलं आणि समोरच्या बाईंनी हे डाळिंब कुठलं म्हणून विचारलं. खाऊ नका, एवढं सांगितलं.

आता डोंबिवलीला आठ दिवस झाले. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीला मी दोन किलोचा भोपळा टांगला आहे. रोज सकाळी बांधते, रात्री टोक ओढून सोडते. काल सुटला नाही. कुठेतरी अंगठा चुकला. नवरा विचारतो, ह्याची भाजी कधी करणार. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तू गप रे. चार वर्षं आहेत अजून."